गिरजाबाईंची पटाची मोटार

पोंभुर्ण्यात कोणाच्या घरी काय शिजतंय हे मला नाकानं कळतं आणि कोणाच्या घरी काय बिनसलंय हे कानानं. यात माझा काही दोष नाही. लहानूभाऊंच्या आणि माझ्या अंगणामध्ये जे कुंपण आहे ते तुराट्यांचं. तुराट्यांतून आवाज येतो, वास येतो, आणि जरा वाकून उभं राहिलं तर दिसतंही.

तर गेल्या दिवाळीत या कुंपणापलीकडे एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली आणि अडतीस वर्षांच्या संसाराला हादरा बसला.

मोटार नंदिनीची. नंदिनी म्हणजे लहानूभाऊ आणि गिरजाबाईंची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. तिनं स्वतःला नवी गाडी घेतली आणि ही पाच वर्षं वापरलेली आईबापांना आणून दिली. बाप एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, म्हणजे बाप खूश होईल असं तिला वाटलं. लहानूभाऊ ऐटीत दार उघडून आत बसले. डावा हात खाली नेला, डावा पाय पुढे केला आणि तसेच बसून राहिले. हाताखाली गिअरचा दांडा नव्हता, एक ठेंगणी खुंटी होती. पायाखाली क्लच नव्हता, नुसती रबरी चटई होती.

"पोरी, याचा क्लच कुठी आहे?"

"नाहीच आहे, बाबा. ही ऑटोमॅटिक आहे. गिअर आपोआप पडतात. आणि तुम्हाला स्वतः टाकायचे असतील तर हे पाहा, स्टिअरिंगच्या मागे दोन पात्या आहेत. डावी ओढली की गिअर एकानं खाली, उजवी ओढली की एकानं वर. नुसत्या बोटानं."

"बोटानं?" लहानूभाऊंनी असं विचारलं की जणू लेकीनं त्यांना बोटानं नांगर धरायला सांगितला. या माणसानं चौतीस वर्षं गिअर खांद्यानं टाकलेले. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं भामरागडच्या मुक्कामी गाडीवर. ते उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "हे गाडी नाई होय. हे मिक्सर होय."

झालं. त्या दिवसापासून मोटारीचं नाव मिक्सर पडलं.

आता यामागचं खरं कारण सांगतो, पण तुमच्यापाशीच राहू द्या. लहानूभाऊंचा डावा गुडघा गेलेला आहे. चौतीस वर्षं क्लच दाबून दाबून त्याची वाटी झिजली. रोज सकाळी ते अंगणात पितळी घंगाळात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसतात आणि कोणी विचारलं तर म्हणतात, थंडीचा वारा भरला. डॉक्टरनं त्यांना गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलेलं. हे गावात फक्त तिघांना ठाऊक होतं. त्यातला तिसरा मी, आणि माझ्यामुळे आणखी चाळीसेक.

म्हणजे मोटार दारात आणि चालवणारा घंगाळात. अशा वेळी गिधाड जसं डोक्यावर घिरट्या घालताना दिसतं तसा प्रफुल दिसू लागला. प्रफुल म्हणजे लहानूभाऊंचा पुतण्या, वय चौतीस, बसस्टँडजवळ मोबाइलचं आणि स्टिकरचं दुकान. तो रोज काकाच्या गुडघ्याची विचारपूस करायला येऊ लागला. येताना गाडीवरून एकदा फडकं मारायचा. आठ दिवसांत त्यानं मागच्या काचेसाठी निळ्या अक्षरात 'जय भीम' आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, 'प्रफुल' असं स्टिकर कापूनही ठेवलं. मी दुकानात ते पाहिलं तेव्हा म्हणाला, "भाऊ, सध्या काही बोलू नका." मी कशाला बोलतोय?

संध्याकाळी गिरजाबाईंना एवढंच म्हटलं की स्टिकर छान कापलंय.

गिरजाबाई वांगी चिरत होत्या. चिरून झाल्यावर विळी आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "नागसेनभाऊ, मी शिकीन म्हणते."

"काय?"

"गाडी."

इथे गिरजाबाई कोण हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढे प्रफुल हसला तसे तुम्हीही हसाल. वय एकसष्ट. बावीस वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली. अर्धं पोंभुर्णा त्यांच्या हातची खाऊन मोठं झालंय. नवरा ड्रायव्हर, पण या बाईनं उभ्या जन्मात मनाला वाटलं आणि निघाली असं कधी झालं नाही. बहिणीकडे सिंदेवाहीला जायचं तर आधी बसची वेळ, मग नवऱ्याची ड्युटी, मग मूड. नवऱ्याच्याच बसमध्ये चारदा बसल्या, तर ड्रायव्हरमागच्या सीटवर बसूनही हा गडी त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. गिरजाबाईंनी काही विचारलं की वर लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवायचा: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.

पण त्याच्याही आधीची एक गिरजा आहे, आणि ती या भागातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते. बाप सुकलू शंकरपटाचा वेडा. पट म्हणजे बैलांची शर्यत. आमच्याकडे धान कापून झालं की हिवाळाभर गावोगाव पट भरतात. मधे काही वर्षं बंद होते, आता पुन्हा सुरू झालेत. सुकलूची जोडी होती कबऱ्या आणि बिजल्या. एका वर्षी ऐन पटाच्या दिवशी जोडी हाकणारा धुरकरी तापानं फणफणला. तेव्हा चौदा वर्षांची गिरजा भावाचा सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून छकड्यावर चढली आणि पहिली आली. फेटा मैदानातच उडाला, वेणी सुटली, आणि मग जो कल्ला झाला! पंच म्हणाले, पोरगी कशी काय? सुकलू म्हणाला, नियम वाचा. नियम वाचले तर सगळे बैलांविषयी. दात किती, खांदा केवढा, शेपटी पिरगाळायची नाही. धुरकऱ्याविषयी ओळ नाही. झक मारत बक्षीस द्यावं लागलं. ते बक्षीस म्हणजे पितळी घंगाळ. हो, तेच, ज्यात लहानूभाऊ गुडघा बुडवून बसतात.

नंदिनी दिवाळीला पंधरा दिवस होती. तिनं आईला शिकाऊ लायसन काढून दिलं आणि गावाबाहेरच्या पटाच्या मैदानात सराव सुरू झाला. मी रोज फिरायला जायचो. नेमका तिकडेच.

पहिल्या दिवशी गिरजाबाईंनी एक गोष्ट फार लवकर केली आणि एक फार चुकीची. लवकर केली ती ही की डावा पाय मांडी घातल्यासारखा सीटखाली दुमडून टाकला. त्याला काही कामच नव्हतं आणि कधी सवयही नव्हती. चुकीची केली ती ही की स्टिअरिंगच्या मागच्या दोन पात्या बोटांना लागल्याबरोबर सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचे हात जागे झाले. हातात कासरा आला ना! डावीकडे वळायचं तर डावा कासरा ओढायचा. त्यांनी डावी पाती ओढली. गाडी वळली तर नाहीच, गिअर खाली पडून गुरगुरली.

"आई, त्यानं वळत नाही, स्टिअरिंग फिरव!"

"फिरवून राह्यली ना वो! आधी बैलाले सांगा लागते!"

समोर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग आला. गिरजाबाईंनी दोन्ही पात्या एकदम छातीकडे खेचल्या आणि मैदानभर ऐकू जाईल अशी हाळी दिली, "हो! हो! होऽऽ!"

जगातली कुठलीही जोडी थांबली असती. गाडीनं काही मनावर घेतलं नाही. ती शांतपणे चालत चालत गेली आणि तणसात तोंड खुपसून उभी राहिली. तणीस खायला गेली असंच वाटलं मला. गिरजाबाई खाली उतरल्या, बॉनेटवर एक थाप मारली आणि म्हणाल्या, "हावरट!"

नंदिनी हसून हसून जमिनीवर बसली. मग तिनं आईला एकच गोष्ट समजावली: वळवायला चाक, थांबवायला उजवा पाय, आणि पात्या फक्त जोर कमीजास्त करायला. गिरजाबाईंनी दोन मिनिटं विचार केला.

"म्हंजे डावा कबऱ्या, मागं धरते. उजवा बिजल्या, पुढं पळते."

"हो... म्हणजे, तसंच."

"मंग अशी सांग ना!"

त्यानंतर शिकवण्यासारखं फार उरलं नाही. एकदा पाती ओढून मग बराच वेळ काही केलं नाही की गाडी पुन्हा आपलीआपण गिअर बदलू लागते, हेही त्यांना लगेच पटलं. "बैलाले रस्ता समजला का तो आपल्या मनानं चालते," त्या म्हणाल्या. नंदिनी गेल्यावर नियमाप्रमाणे शेजारी लायसनवाला पाहिजे म्हणून प्रफुल बसू लागला. बिचाऱ्यानं मन लावून शिकवलं नाही, पण बाईंना त्याची गरजही नव्हती. पौषात पोस्टमननं पक्कं लायसन आणून दिलं तेव्हा लहानूभाऊंचा पाय घंगाळातच होता. त्यांनी लायसन उलटसुलट करून पाहिलं. फोटोत गिरजाबाई हसत होत्या.

"मिक्सरचं लायसन होय," ते म्हणाले. "चटणी वाटता येते याच्यावर."

"मी सोमवारी बहिणीकडे चालली."

"कुठी चालली? मिक्सर चालवता आला म्हंजे ड्रायव्हर झाली का? आमच्या डेपोत ज्यानं भामरागडची गाडी नेली आन आणली त्यालेच ड्रायव्हर म्हणत. बाकी सारे हमाल."

"मंग नेईन भामरागडले."

मी कुंपणाशी होतो. कुठे असणार?

लहानूभाऊंनी पाय पाण्यातून काढला. पंचा घेतला. मग सावकाश म्हणाले, "ठीक आहे. भामरागडले ने. नदीच्या पाण्यानं काच धू, आमची तशी रीत होती. आन वापस आण. स्टिअरिंगले दुसऱ्याचा हात लागला का खेळ खतम. जमलं तर किल्ली तुही, मरेपर्यंत. नाई जमलं तर गाडी प्रफुलची, आन मंग या घरात गाडीचं नाव नाई काढाचं."

"पंच कोण?"

दोघांनीही एकदम कुंपणाकडे पाहिलं. मी वाकलेला होतो तो सरळ झालो.

गिरजाबाई एवढ्या चटकन तयार कशा झाल्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि मी ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. भामरागडला सोमारी राहते. एकोणीस वर्षं मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर सोमारीच्या घरी जेवला. सोमारीच्या हातचे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, सोमारीची मासळी, सोमारीच्या घरचं थंड पाणी. गिरजाबाईंनी काही म्हणून चांगलं रांधलं की हा माणूस शेवटचा घास गिळून म्हणणार, "चांगलं आहे. सोमारीच्या इथं जरा निराळं असते." तर ही सोमारी एकदा डोळ्यांनी पाहायची होती. निघायच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. गाडी चालवायला जांभळं लुगडं लागत नाही, एवढं मला कळतं.

शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. गिरजाबाई चाकावर, लहानूभाऊ डाव्या सीटवर, मागे मी पंच आणि माझ्या शेजारी प्रफुल. तो साक्षीदार म्हणून आला होता. साक्षीदाराच्या पिशवीत स्टिकर होतं.

गोंडपिपरीपर्यंत लहानूभाऊंनी अठरा वेळा तोंड उघडलं. मी मोजलं. "हार्न दे." "बाजूनं घे." "आता थर्ड पाहिजे होता." आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर त्यांचा डावा पाय चटईवर दाबला जायचा आणि हात मांडीजवळ हवेत काहीतरी ओढायचा. शेवटी गिरजाबाईंनी रस्त्यावरची नजर न हलवता एक बोट वर केलं, जिथे बसमध्ये पाटी असते तिथे.

"काय?" लहानूभाऊ म्हणाले.

"चालकाशी बोलू नका जी."

मागे प्रफुलला खोकला आला. मला तर फारच आला.

आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला, चहा घेतला. आलापल्लीच्या पुढे दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल जवळ येतं आणि रस्ता आपला मूड दाखवतो. त्या दिवसांत एका नाल्यावर नव्या पुलाचं काम सुरू होतं आणि गाड्या खालून, कच्च्या वळणरस्त्यानं सोडत होते. तो रस्ता म्हणजे नुसता उतार. वर सुटी गिट्टी, खाली ओलं पात्र, समोरून चढणारा बांबूचा ट्रक. ट्रक थांबला. आमच्यासाठी वाट सोडली, म्हणजे आता आम्हीच उतरायचं.

गिरजाबाईंनी ब्रेकवर पाय ठेवला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. गिट्टीवरून वीतभर घसरली.

"ब्रेक सोड! सोड म्हणतो ना! सेकंडमध्ये टाक!" लहानूभाऊंचा पाय चटईत घुसायचा बाकी होता.

प्रफुलनं पिशवी छातीशी धरली. मी डोळे मिटले. पंचानं मिटू नयेत, पण मिटले. आणि मला समोरून आवाज आला, अगदी हळू, पोराला झोपवताना बोलतात तसा.

"कबऱ्या, धर. धर, बाप्पा."

टक. टक. डावी पाती दोनदा वाजली. इंजिन गुरगुरलं आणि गाडीनं खरोखर पाय रोवल्यासारखा वेग आवरला. ब्रेक नाही, घसरण नाही, एकेक पाऊल मोजत उतरली. खाली पात्रात आल्यावर बाई म्हणाल्या, "आता धरून राहा," आणि चढाला लागून जरा पुढे गेल्यावर उजवी पाती: "चाल, बिजल्या." आम्ही वर होतो.

ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. त्यानं गिरजाबाईंना पाहिलं, मग शेजारी घामाघूम बसलेल्या लहानूभाऊंना पाहिलं. ओळखलं. "काय लहानूभाऊ! क्लीनर झाले का जी आता?"

लहानूभाऊंनी काच वर केली.

पण पुढे दहा किलोमीटर गेल्यावर ते आपणहून बोलले. पाटी-बिटी विसरून. "सेकंड बरोबर पडला," एवढंच. गिरजाबाईंनी उत्तर दिलं नाही. चालक होत्या.

भामरागडला पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. नदीवर जाण्याआधी लहानूभाऊंना सोमारीकडे जायचं होतं, गिरजाबाईंना तर होतंच होतं. गाडी घरासमोर थांबली. गिरजाबाईंनी आरशात पाहून पदर सारखा केला. कुडाच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. ऐंशीच्या घरातली, कपाळावर गोंदण, तोंडात वरचे दोन दात, हातात वाळल्या मोहफुलांची टोपली. तिनं लहानूभाऊंचा कान धरला.

"तम्मूर!" म्हणाली. गोंडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. "किती वरसानं आला रे! मेला समजली मी."

गिरजाबाईंचा चेहरा मी पंच म्हणून नीट पाहिला. एकोणीस वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं आणि त्या जागी शुद्ध खट्याळपणा आला. त्या सोमारीच्या पाया पडल्या, चुलीजवळ बसल्या आणि पाच मिनिटांत दोघी अशा गप्पा मारू लागल्या की जणू एकाच छकड्यावर वाढल्या. आपला नवरा गाडी कशी चालवायचा, हे गिरजाबाईंनी विचारलं नव्हतं. सोमारीनंच सुरुवात केली.

"पयल्या खेपेले याची मोटार फसली. त्या तिकडं, नाल्यात. एक रोज, दोन रोज. कोनी काढाले नाई. मंग माह्या घरधन्यानं चार बैल जुंपले. मी बैल हाकली, तो चाक ढकलला. आन हा कुठी होता, माहीत आहे का बाई?"

"कुठी?"

"वर. आपल्या जागेवर. बैल वढून राह्यले, आन हा गिअर टाकून राह्यला! म्हने, बाई, आता सेकंड टाकतो, बैलाले सांग!"

सोमारी हसली तेव्हा दोन्ही दात हलले. गिरजाबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी भिंतीला धरलं. भामरागडच्या पहिल्या खेपेची गोष्ट लहानूभाऊंनी आम्हाला किमान शंभरदा सांगितलेली, आणि तिच्यात बैल नव्हते.

लहानूभाऊ उठले. "मी गाडी सावलीत लावतो," म्हणाले आणि बाहेर गेले. किल्ली गाडीतच होती. त्यांच्या मागोमाग प्रफुल गेला, कारण प्रफुलचं लक्ष दिवसभर त्या किल्लीवरच होतं.

पुढचं मी आधी दारातून आणि मग मागोमाग रस्त्यावर येऊन पाहिलं. सावली तर गाडीवर होतीच, तेव्हा लहानूभाऊंचा बेत निराळा होता. या गावात, या नदीवर, एकदा तरी आपल्या हातानं गाडी न्यायची. काच धुवायची रीत त्यांची होती ना. प्रफुल मागे बसला, गाडी हलली, मोठ्या रस्त्याला लागली, जरा वेग आला. आणि वेग आल्यावर चौतीस वर्षांच्या सवयीनं डाव्या पायानं ठरवलं की आता गिअर बदलायचा. क्लच दाबायचा तो एका दणक्यात, पुरता, तळापर्यंत. तिथे क्लच नव्हता. ब्रेकचं रुंद पायदान तेवढं होतं.

गाडी खिळा ठोकल्यासारखी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. प्रफुल पिशवीसकट दोन सीटांच्या मधे आला. लहानूभाऊंनी पुन्हा निघायचा प्रयत्न केला. पुन्हा वेग, पुन्हा डावा पाय, पुन्हा दणका. असं तीनदा झालं. बाजाराची माणसं जमली. आणि तेवढ्यात मागून भोंगा वाजला, लांब, ओळखीचा. भामरागडची एसटी. तिचा ड्रायव्हर, तिशीतला पवन, खाली वाकून म्हणाला, "लहानूभाऊ तुम्ही? गाडी खराब झाली का जी? धक्का देऊ?"

गिरजाबाई सोमारीच्या घरातून चालत आल्या. धावल्या नाहीत. दार उघडलं.

"सरका."

लहानूभाऊ पलीकडे सरकले. गुडघा धरून. गिरजाबाईंनी गाडी बाजूला घेतली, एसटीला वाट दिली, आणि तिथे प्रफुलनं सीटांमधून डोकं वर काढून ओरडून सांगितलं, "हात लागला! स्टिअरिंगले दुसऱ्याचा हात लागला! पंच, बोला! काकू हारली!"

कायद्यानं पोरगा बरोबर होता. दुसऱ्याचा हात लागला की खेळ खतम, हे शब्द मी स्वतः कुंपणापाशी ऐकलेले. गिरजाबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चाकावरचे त्यांचे हात सुटले नव्हते, पण बोटं पात्यांवर गच्च झाली होती. बहिणीचं गाव, मनाला येईल तेव्हा निघणं, सगळं त्या दोन पात्यांना धरून होतं. मी सुकलूची आठवण काढली, नियम उलटेपालटे केले, आणि मला काही सुचेना.

"चूप बस, प्रफुल," लहानूभाऊ म्हणाले.

"पण काका, तुम्हीच..."

"हाव, मीच. शर्त मीच लावली आन हातही माहाच लागला. तिनं मले बलावलं होतं का? नोहतं. ते आत भात खाऊन राह्यली होती. पटाच्या मैदानात तमाशा पाहणारा मधातून पळाला तर जोडी हारते का? तमाशा पाहणारा बाहेर काढत असते." समोर पर्लकोटा नदीचं पाणी चमकत होतं. "नागसेनभाऊ, लिहून घ्या. मधात मी आलो. काढा मले बाहेर."

मी लिहून घेतलं नाही, पण निकाल दिला, आणि चार बाजारकरूंनी टाळ्या वाजवल्या. काय चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं. गिरजाबाई गाडी नदीकाठी घेऊन गेल्या. लहानूभाऊ पाण्याची बाटली भरून आणायला निघाले तर त्यांनी थांबवलं, "गुडघा पाहा आधी," आणि स्वतः जांभळं लुगडं खोचून पाण्यात उतरल्या. काच धुतली. रात्री सोमारीकडेच राहिलो आणि तिनं वाटेत खायला वाळवलेल्या वास्त्यांची भाजी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी परतताना लहानूभाऊंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, आणि त्या वळणरस्त्याच्या उतारावर मी स्पष्ट ऐकलं, ते पुटपुटले, "कबऱ्या, धर."

घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरचा आपला ड्रायव्हरचा बिल्ला काढून पेटीत ठेवला आणि त्या खुंटीवर किल्ली अडकवली. खुंटी मोकळी करून देण्यात त्यांचा काय भाव होता ते मी विचारलं नाही. सगळंच विचारत नाही मी.

आता गिरजाबाई वाटेल तेव्हा निघतात. बहिणीकडे, मूलच्या बाजाराला, आणि गेल्या महिन्यात तर नुसत्याच, चक्कर मारायला. जवळपासच्या गावात पट भरला की हटकून जातात, आणि गाडी बैलांच्या रांगेत नेऊन उभी करतात. प्रफुलनं रुसवा आठ दिवस धरला. मग काकूनं त्याला दुकानात जाऊन नवं स्टिकर कापायला सांगितलं आणि त्यानं निमूट कापून दिलं. ते मागच्या काचेवर नाही लावलं. आत, डाव्या सीटच्या बरोबर समोर लावलंय: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.

लहानूभाऊ ते पाळतात. एक शब्द बोलत नाहीत. पण परवा मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो होतो, उतरताना सहज खाली पाहिलं. पाच वर्षांची गाडी, सगळ्या रबरी चटया नव्यासारख्या. फक्त डाव्या सीटपुढच्या चटईला, डाव्या पायाच्या जागी, तळव्याएवढं भोक पडलंय.